एकच वाटण, एकच ताट, मग चरबी वेगवेगळ्या जागी का?

अबोली_रत्नागिरी (धागाकर्ती) | ९ जून, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. आमच्या घरी दोघांचं ताट एकच. सकाळी घावणे नाहीतर आंबोळी, दुपारी भात, आमटी, मासळी, रात्री पुन्हा तेच. वाटणाला ओला नारळ रोज. त्यात मे महिना सगळा चाकरमान्यांच्या सरबराईत गेला. कोंबडी-वडे, आमरस, तळलेली सुरमई, काही विचारू नका. पाहुणे गेले आणि आम्ही दोघंही जड झालो. पण कसे, ते बघा. ह्यांची पँट पोटावर बसेना, मांड्यांना मात्र ढगळच. माझं नेमकं उलट. जुन्या सलवारी मांडीत अडकतात, ब्लाऊज दंडाला काचतो, पोट तसं बेताचंच.

शाळेत तपासणी शिबिर होतं, घरच्यांनाही बोलावलं होतं. तिथल्या मशीनवर माझी चरबी आली ३६ टक्के, ह्यांची २७. मी घाबरलेच. पण रक्ताचे रिपोर्ट आले तर ट्रायग्लिसराइड वाढलेलं ह्यांचं, सोनोग्राफीत फॅटी लिव्हरही ह्यांनाच, माझं सगळं जागेवर. म्हणजे चरबी माझ्याकडे जास्त आणि दुखणं ह्यांच्याकडे?

बीएस्सी करणारी भाची म्हणते, चरबीचं खाणं दिलं की नर उंदीर लठ्ठ होतात, माद्या तेवढ्या होत नाहीत. खरं आहे का हे? आणि खरं असेल तर मी ४७ची आहे, ही सवलत मला आणखी किती दिवस?

काजूगर | ९ जून, रात्री १०:०५

आमच्याकडचे उंदीर माडावर चढून शहाळी कोरतात. नर-मादी दोघंही सडपातळ. चढउतार पुष्कळ होते.

तात्या_गुहागर | ९ जून, रात्री १०:३१

नारळाला बदनाम करू नका एवढीच विनंती. माझे आजोबा रोज नारळ खाऊन ऐंशी पार गेले. पोट कसलं ते माहीत नव्हतं. आजी पण तशीच, काटक. पोटं सुटायला लागली ती पिशवीतलं तेल, बेकरीचा पाव आणि फरसाण घरात आल्यापासून. नर-मादी वगैरे नंतर बघा, आधी डबे तपासा.

मी_पेणचा | ९ जून, रात्री १०:४४

तात्या, आजोबा नारळ खात होते आणि नारळ पाडतही होते. बागेला शिंपणं होतं, बाजाराला चालत जाणं होतं. आपण मिक्सरचं बटण दाबतो.

हिशेब साधा आहे. एका ग्रॅम चरबीत ९ कॅलरी, पिठात किंवा प्रथिनात ४. ओल्या खोबऱ्यात साधारण एक तृतीयांश चरबी. मध्यम नारळाचं खोबरं पाव किलो धरा, म्हणजे ८० ग्रॅमच्या आसपास चरबी, सातशेच्या वर कॅलरी. चार माणसांत रोज दोन नारळ फुटत असतील तर पुढचं गणित करायला भाची नको. बाई असो वा पुरुष, जास्त खाल्लं की वाढणार.

सातेरी | ९ जून, रात्री ११:१०

पेणकरांनू, तुमचो हिशेब कागदावर बरो. आमच्याकडचो ऐका. घोवाक बांगड्याची तुकडी, पोरांक तुकडी, माका कालवण. मगे टोपात उरलेला वाटण फेकूचा कसा? भाताक लावन खाल्लंय. वड्यांचा उरलेला पीठ होता, त्याचे दोन वडे काढून खाल्लंय. ह्या कोणी मोजल्यान?

आणि माझो घोव म्हणता, 'पोट नाय गो ता, मान असा.'

उंदीरवाला | १० जून, सकाळी ७:२०

नावावरून कळलंच असेल, पोटापाण्याचा धंदा उंदरांचाच. मूळचा सावंतवाडीचा, सध्या पुण्यात एका प्रयोगशाळेत. अबोलीताई, भाचीचं बरोबर आहे, पण अर्धं.

अशा कामात सगळ्यात जास्त वापरतात तो 'सी-५७ ब्लॅक-६' जातीचा उंदीर. काळा, तळहातावर मावणारा. तुलनेसाठी जे खाणं देतात त्यातल्या साधारण १० टक्के कॅलरी चरबीतून येतात. लठ्ठ करायच्या खाण्यात ४५ किंवा ६० टक्के, आणि ही चरबी बहुतेक डुकराची. साठवाल्या गोळ्या निळ्या रंगाच्या येतात, म्हणजे पिंजरे भरताना गफलत होत नाही. हातात घेतल्या की बोटं तुपकट होतात आणि जरा दाबली की चुरा. नर त्यावर तुटून पडतात, दोन-तीन महिन्यांत अंगाने दुप्पट दिसायला लागतात, साखर बिघडते, यकृतात चरबी साठते. त्याच वयाच्या माद्याही वाढतात, पण सावकाश, आणि त्यांची साखर तेवढी बिघडत नाही.

मुख्य कारण इस्ट्रोजेन, हे बायकी संप्रेरक. मादीची अंडाशयं काढून टाकली की ती नरासारखीच फुगते. बाहेरून इस्ट्रॅडिऑल, म्हणजे इस्ट्रोजेनचंच एक रूप, दिलं की संरक्षण बऱ्यापैकी परत येतं. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तिथे इस्ट्रोजेन भूक आवरतं आणि शरीराचा ऊर्जाखर्च वाढवतं. शिवाय चरबी आतड्यांभोवती न जाता कातडीखाली जावी याकडेही त्याचा कल असतो. २००० साली इस्ट्रोजेनचा अल्फा रिसेप्टर, म्हणजे पेशीत त्याला पकडणारा खुंटाच, नसलेल्या उंदरांवरचं काम प्रसिद्ध झालं. त्यात माद्याच नाहीत, नरही लठ्ठ निघाले. म्हणजे हे संप्रेरक पुरुषालाही लागतं. त्याच्या शरीरात ते टेस्टोस्टेरॉनपासूनच तयार होतं.

'अर्धं' का म्हणालो ते संध्याकाळी लिहितो. आता पिंजरे बघायला जायचंय.

काजूगर | १० जून, सकाळी ७:४१

निळ्या गोळ्या खाऊन नर फुगतात. शीर्षक मिळालं.

निवृत्त_सिस्टर | १० जून, दुपारी २:१५

मी देवगड तालुक्यात आरोग्य केंद्रांवर नोकरी केली, आता घरी आहे. उंदरांचं मला कळत नाही, माणसांच्या कमरा मात्र भरपूर मोजल्या आहेत.

अबोली, तुझे ३६ आणि त्यांचे २७ हे आकडे शेजारी ठेवून घाबरायचं नाही. धडधाकट बाईच्या अंगावर धडधाकट पुरुषापेक्षा चरबी जास्तच असते, निसर्गाने ती ठेवलेलीच आहे. जगायला अगदी लागतेच अशी चरबी पुरुषात ३ टक्के धरतात, बाईत १२. आणि त्या पाय ठेवायच्या मशिनी अंगातून वीज सोडून अंदाज काढतात. पाणी पिऊन उभी राहिलीस तर एक आकडा, घामाघूम येऊन उभी राहिलीस तर दुसरा.

महत्त्वाचं आहे ते चरबी बसली कुठे. हे फ्रान्समधल्या झाँ वाग नावाच्या डॉक्टरांनी १९४७ सालीच मांडलं होतं. पुरुषी ठेवणीचा लठ्ठपणा वरच्या अंगात आणि पोटात, बायकी ठेवणीचा नितंब-मांड्यांवर, आणि मधुमेह, हृदयविकार जास्त करून पहिल्याच्या मागे लागतात. पोटातली चरबी आतड्यांभोवती असते, तिचं रक्त थेट यकृताकडे जातं. मांडीवरची चरबी म्हणजे मुदत ठेव. सहजासहजी मोडत नाही. मोडते ती बाळाला अंगावर पाजताना. म्हणून तुमच्या घरात चरबी तुझी जास्त आणि रिपोर्ट त्यांचा वाईट, यात नवल काहीच नाही.

घरी टेप असेल तर दोघांची कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून, टेप न आवळता. आपल्याकडे पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि बाईला ८० ही धोक्याची रेघ धरतात. बायका हमखास परकराच्या नाडीवर टेप ठेवतात. वर्षानुवर्षं नाडी बांधून तिथे काळपट वळ पडलेला असतो, कातडी आत गेलेली, आणि आकडा दोन-तीन सेंटिमीटरने कमी येतो. नाडी सोडायची आणि मग मोजायचं. पुरुष काय करतात? पोटाच्या खाली, पट्ट्याच्या जागी मोजतात आणि सांगतात, 'कॉलेजपासून ३४ची पँट आहे माझी.'

हर्णैचा_खलाशी | १० जून, दुपारी ४:०२

सिस्टर, शेवटचं वाक्य काळजाला लागलं. माझी पण ३४च आहे.

आमच्या बंदरावरचं बघितलेलं सांगतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. बोटी वर ओढलेल्या, खलाशी घरी. जाळी विणायची, पत्ते खेळायचे, सुकट-सोडे-भात दाबून खायचा, संध्याकाळची सोय वेगळी. दोन महिन्यांत आम्हा लोकांची पोटं गरोदर दिसतात. बायकांची बंदी कधी नसते. मासळी नसली तर सुकं विकायला दापोली, मंडणगडचा आठवडी बाजार आहेच, वर शेताची लावणी. मग ते इस्ट्रोजेन की काय, ते किती आणि टोपली किती, हे कोण सांगणार?

आणि बांगडा बदनाम करू नका. अंडी धरायच्या आधीचा बांगडा तव्यावर टाकला की स्वतःचंच तेल सोडतो, तेल घालावं लागत नाही. ते तेल चांगलं असं डॉक्टर पण सांगतात.

चिपळूणचा_जिमवाला | १० जून, संध्याकाळी ६:३०

माझा अनुभव उलट बाजूने. मी आणि बायको दोघांनी एकदम किटो चालू केलं. भात बंद, भाकरी बंद, अंडी, पनीर, बटर, खोबरेल. माझं पहिल्याच आठवड्यात चांगलं उतरलं. तिचं हललंच नाही, वर डोकं दुखायचं आणि चिडचिड. तिला वाटलं मी चोरून काही वेगळं करतो. दोघांनी तेवढंच चरबीचं खाल्लं. बायका चरबीवर कमी वाढत असतील तर कमीही व्हायला हव्यात ना?

मी_पेणचा | १० जून, संध्याकाळी ६:५२

पहिल्या आठवड्यात उतरतं ते पाणी. भात बंद केला की स्नायू आणि यकृतातला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, संपतो आणि त्याला धरून असलेलं पाणी लघवीवाटे जातं. पुरुषाला स्नायू जास्त, म्हणून साठा जास्त, म्हणून काटा जास्त हलतो. बाईच्या काट्यावर पाळीच्या आधीचं पाणीही चढतं. दोघांनी 'तेवढंच' खाल्लं म्हणताय, पण तुम्ही ८० किलोचे आणि वहिनी ५५ची असेल तर तेवढंच खाणं तिला जास्तच झालं की.

सातेरी | १० जून, संध्याकाळी ७:१५

ह्या माका पटला. पेणकर आज शाणे झाले.

उंदीरवाला | १० जून, रात्री ९:४०

आलो. आता उरलेलं अर्धं.

एक, सगळ्या जातींचे उंदीर असे वागत नाहीत. ब्लॅक-६मध्ये नर-मादी फरक ठळक दिसतो, काही जातींत पुसट होतो. वय, खाणं कधी सुरू केलं, एकेकटे ठेवले की घोळक्याने, यावरही बदलतो. शिवाय कित्येक वर्षं अशा प्रयोगांत फक्त नरच घ्यायचे, कारण ते लवकर लठ्ठ होतात आणि मादीचं चक्र मध्ये येत नाही. त्यामुळे 'चरबीने असं होतं' म्हणून जे सांगितलं जातं त्यात बरंचसं 'चरबीने तरुण नर उंदराचं असं होतं' असं आहे.

दोन, आणि हे कोकणातल्या माणसांनी नीट वाचा. प्रयोगशाळेत तापमान २२ अंशांच्या आसपास ठेवतात. आपल्याला ते बरं वाटतं, उंदराला ती थंडी. त्याला ऊब वाटते ३० अंशांच्या आसपास. म्हणजे प्रयोगातला उंदीर जन्मभर कुडकुडत अंग तापवण्यात कॅलरी जाळत असतो. २०१७ साली 'नेचर मेडिसिन'मध्ये आलेल्या कामात उंदरांना ३० अंशांत ठेवून चरबीचं खाणं दिलं, तेव्हा एरवी वाचणाऱ्या माद्यांनाही फॅटी लिव्हरने गाठलं. नर-मादी भेद जवळजवळ मावळला.

तीन, सगळं संप्रेरकांवरही नाही. २०१२ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या गटाने एक चलाख प्रयोग केला. असे उंदीर घेतले की ज्यांचे गुणसूत्र एक्स-एक्स की एक्स-वाय आणि अंगात अंडाशय की वृषण, या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या केलेल्या. मग अंडाशय-वृषण काढून टाकले, म्हणजे संप्रेरकांचा हिशेब बाद. राहिलेल्यांत दोन एक्सवाल्यांच्या अंगावर चरबी जास्त चढली आणि चरबीच्या खाण्यावर ती लवकर चढली. म्हणजे गुणसूत्र मादीला चरबीकडे ढकलतं आणि तरुणपणी इस्ट्रोजेन तिला सांभाळून घेतं. ते गेलं की पुढचं तुम्हीच समजा.

काजूगर | १० जून, रात्री ९:५१

३० अंशांत माद्यांची सवलत रद्द. म्हणजे रत्नागिरीच्या बायकांनी महाबळेश्वरला राहायला जायचं का?

अबोली_रत्नागिरी | १० जून, रात्री १०:०८

पाठवणार कोण? ह्यांचं जेवण कोण करणार?

(थट्टा सोडा, पण माणसालाही हे ३० अंशांचं लागू होतं का?)

उंदीरवाला | १० जून, रात्री १०:२५

तसंच्या तसं नाही. आपण कपडे घालतो, अंगाने मोठे आहोत, अंगाची ऊब टिकते. उंदीर एवढासा, त्याची उष्णता भराभर जाते. म्हणून तर उंदराचा फरक उचलून माणसाला चिकटवताना हात आखडावा लागतो. माणसात ठामपणे दिसतं ते सिस्टरनी लिहिलंय. बाईत चरबी जास्त पण खाली आणि कातडीखाली, पुरुषात कमी पण पोटात. पाळी गेली की बाईचीही पोटाकडे सरकते. चरबीचं खाणं दोघांना सारखंच दिल्यावर कोणाचं वजन किती वाढेल याला माणसात उंदरासारखं सरळ उत्तर नाही. माणूस पिंजऱ्यात राहत नाही आणि टोपातलं उरलेलं वाटणही खातो.

तात्या_गुहागर | ११ जून, सकाळी ६:१५

रात्रभर डुकराच्या चरबीवर चर्चा चालली आहे. ती विलायती. नारळ वेगळा. त्यातली चरबी सरळ जळते, अंगाला लागत नाही असं मी वाचलेलं आहे. शिवाय आपण वर सोलकढी पितो. कोकमाने चरबी वितळते हे तर आता कॅप्सूलवाल्यांनाही कळलंय. भिरंडेल टाचांच्या भेगांना लावतो ते काय उगाच?

निवृत्त_सिस्टर | ११ जून, सकाळी ८:००

तात्या, भिरंडेल टाचेला लावा, जरूर लावा. ते कोकमाच्या बीचं तेल, म्हणजे तीसुद्धा चरबीच.

उंदीरवाला | ११ जून, सकाळी ८:३३

तात्या, डुकराच्या चरबीत संपृक्त भाग ४० टक्क्यांच्या आसपास, खोबरेलात ९०च्या आसपास. त्या हिशेबात नारळच पुढे. 'सरळ जळते' हे खरं आहे ते मध्यम साखळीच्या चरबीतल्या आखूड भागाबद्दल, आणि तो नारळात थोडाच असतो. नारळात निम्मं लॉरिक आम्ल, आणि ते शरीरात बरंचसं लांब साखळीच्या चरबीसारखंच वागतं. बाटलीतल्या शुद्ध मध्यम साखळीच्या चरबीवर केलेले प्रयोग नारळाच्या नावावर खपवले जातात.

कोकमाचं म्हणाल तर त्यातल्या हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाचा गवगवा आहे. कोकमाच्याच कुळातल्या मलबारी चिंचेचा अर्क १३५ जाड माणसांना १२ आठवडे देऊन पाहिला होता, निम्म्यांना खरा, निम्म्यांना खोटा. १९९८ साली निकाल आला. वजनात फरक नाही.

काजूगर | ११ जून, सकाळी ८:४०

सोलकढीचं काय पाप? ती चवीला पितात.

हर्णैचा_खलाशी | ११ जून, सकाळी ९:१२

चवीला आणि दुसऱ्या दिवशी डोकं उतरायला.

मी_पेणचा | ११ जून, सकाळी ११:४५

एक मुद्दा राहिलाय. आपण सगळे वजनावर बोलतोय, पण आपल्या लोकांचा घोळ वजनात दिसतच नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम बघा. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचा आणि इंग्लंडमधल्या सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. दिसायला दोघंही सडपातळ. हा फरक जन्मापासूनचा आहे, आपली बाळं वजनाने कमी पण चरबी राखून येतात, असं त्यांचं म्हणणं.

तेव्हा 'मी बारीक आहे' म्हणणाऱ्या पुरुषांनी जास्त सावध राहावं.

सायली_दापोली | ११ जून, दुपारी १:२०

उशिरा आले. सगळं वाचलं. एक पटलं नाही. सगळा सूर असा झालाय की पोट म्हणजे पुरुष आणि मांड्या म्हणजे बाई. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जादा वजनाच्या बायका २४ टक्के आणि पुरुष २३च्या आसपास, म्हणजे जवळजवळ सारखेच. पण पोटाचा घेर मोजला तेव्हा वाढलेला निघाला ४० टक्के बायकांचा आणि फक्त १२ टक्के पुरुषांचा. मग ते संरक्षण कुठे गेलं?

मी सांगते कुठे जातं. बाळंतपण. आमच्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू, अळीव, खोबरं, तूप, शेक, आणि खाली उतरायचं नाही. मी तेव्हा जे वाढले ते वाढलेच. सासूबाई रोज लाडवांचा डबा उशाशी ठेवायच्या आणि संध्याकाळी उघडून बघायच्या. उरला असेल तर चेहरा पडायचा. दुसऱ्या खेपेला मी लाडू खिडकीतून कोंबड्यांना टाकले. कोंबड्या गुटगुटीत झाल्या. नर-मादी दोन्ही.

निवृत्त_सिस्टर | ११ जून, दुपारी ३:०५

सायली, बरं बोललीस. त्या आकड्यांत एक मेख आहे, बाईसाठी रेघच कडक आहे, त्यामुळे ती लवकर ओलांडली जाते. पण तेवढ्याने ४० आणि १२चं अंतर भरून निघत नाही. पाळी गेलेल्या बायका त्यात आहेत, बाळंतपणं आहेत, घराबाहेर न पडणं आहे. बाईचं अंग तिला सांभाळतं ते काही वर्षं आणि काही मर्यादेपर्यंत. त्यावर रोज वाटण ओतत राहिलं तर तेही थकतं.

लाडू पाजणाऱ्या आईला वाईट नाहीत, किती आणि किती दिवस हा प्रश्न. पूर्वी सव्वा महिन्यानंतर ती उकिडवी बसून भात झोडायची. आता लाडू तेच, झोडणी गेली.

अबोली_रत्नागिरी | ११ जून, रात्री ९:१८

सगळ्यांचे आभार. टेप आणली, नाडी सोडून मोजलं. माझी ८३, ह्यांची ९८. म्हणजे पोट बेताचं वाटत होतं तरी रेघ मीही ओलांडलेली आहेच. ह्यांनी चिपळूणकरांचं वाचलं आणि आता किटो करायचं म्हणतात. ह्यांना डॉक्टरांनी भात कमी करा सांगितलंय, तेल-नारळाचं काही बोलले नाहीत. मीही सोबत करावं का? पाळी अजून आहे, पण अनियमित.

उंदीरवाला | ११ जून, रात्री १०:०२

वजन उतरवायला चरबी वाढवून पीठ कमी करणं बरं की उलट, यावर स्टॅनफर्डला ६०९ माणसांवर वर्षभर प्रयोग झाला, २०१८ साली प्रसिद्ध झाला. कमी चरबीवाल्यांचं सरासरी ५.३ किलो उतरलं, कमी पिठावाल्यांचं ६. फरक गणतीत धरण्याजोगा नाही. पण प्रत्येक गटात काहींचं भरपूर उतरलं आणि काहींचं चक्क वाढलं. दोन्ही गटांना साखर, मैदा, पाकिटातलं टाळून घरचं खायला सांगितलेलं होतं. तात्यांच्या डब्यांच्या मुद्द्यात दम आहे तो इथे.

ताई, तुमचा काळ मात्र नेमका बदलाचा आहे. आतापर्यंत जे नारळ-तूप मांडीवर जात होतं ते आता पोटाकडे वळणार.

निवृत्त_सिस्टर | ११ जून, रात्री १०:२०

त्यांनी काय करायचं ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून, फॅटी लिव्हर आहे, गंमत नको. पण डॉक्टरांना हेही सांग की घरात वाटणाला रोज ओला नारळ लागतो. विचारल्याशिवाय त्यांना कळणार नाही. ते पीठ-भाताचंच विचारतात, वाटणाचं कोणी विचारत नाही.

तुझ्यासाठी: मासळी तळण्याऐवजी तिखलं कर. आठवड्यातले काही दिवस वाटणाशिवाय जाऊ देत, कुळथाची पिठी, नुसतं फोडणीचं वरण, भाजीवर ओल्या नारळाचा चव पेरायचा तो चिमटीने. टोपातलं उरलेलं खायचं नाही, त्यासाठी कमी करायचं. आणि वजनं उचल. पाळी जाताना बाईचे स्नायू पण उतरतात, ते टिकले तर निम्मं काम होतं. जिम नको, विहिरीची कळशी चालेल.

सातेरी | ११ जून, रात्री १०:४१

कुळथाची पिठी नारळाशिवाय? तात्या झोपले असतले तर बरा.

तात्या_गुहागर | ११ जून, रात्री १०:४४

जागा आहे. पिठीत आमसूल आणि लसूण, नारळ आमच्याकडेही नसतो. उगाच काहीतरी.

नवीन_सभासद_मुरुड | १२ जून, पहाटे ५:५०

पूर्ण धागा वाचला नाही, पण सकाळी कोमट पाण्यात मध आणि लिंबू घ्या. स्त्री-पुरुष दोघांनाही चालतं. खात्रीशीर.

सातेरी | १२ जून, सकाळी ७:०२

बाबा, पयल्यापासून वाच. उंदीर इले, बांगडे इले, कोंबडे इले, फक्त मधमाशी येवची रवली होती.

तात्या_गुहागर | १२ जून, सकाळी ७:३०

सिस्टरच्या सांगण्यावरून मोजलं. ९६. पण टेप बायकोच्या शिवणाच्या पेटीतली, जुनी आहे, ताणली गेलेली असणार. खरा आकडा कमीच.

मी_पेणचा | १२ जून, सकाळी ७:३८

तात्या, ताणलेली टेप कमी दाखवते.